घाटघर ते अकोले, पाण्याच्या मागोमाग

दरवर्षी जून संपत आला की मला तोच मेसेज येतो. कधी ऑफिसातल्या कुणाचा, कधी जावेच्या मैत्रिणीचा, कधी शाळेच्या ग्रुपवरचा. "अगं, भंडारदऱ्याला काय काय बघण्यासारखं आहे? एका दिवसात होईल ना सगळं?" पूर्वी मी इमानदारीत यादी पाठवायचे, धरण, रंधा, रतनवाडी, सांधण, कळसूबाई असं सगळं, आणि मग रविवारी रात्री त्याच माणसाचा वैतागलेला फोन यायचा की तीन तास ट्रॅफिकमध्ये बसलो, धुक्यात धरण दिसलंच नाही, धबधब्यावर दारू पिऊन नाचणारी पोरं होती आणि मका खाऊन परत आलो. त्यामुळे यादी देणं बंद केलंय. आता लिहूनच काढते एकदाचं, पुढच्या वेळी लिंक पाठवेन.

नाशिकहून आम्हाला हा भाग तसा जवळचा, घोटीपर्यंत हायवे आणि तिथून आत वळलं की दोन तासांत आपण तळ्याकाठी. कॉलेजात असताना पहिल्यांदा गेले ती कळसूबाईच्या ट्रेकला. आता वर्षातून दोन-तीनदा तरी जाणं होतं, आणि साम्रद गावात एक घर आहे जिथे आम्ही दरवेळी उतरतो. होमस्टे म्हणायचा तर म्हणा, पाटी वगैरे काही नाही, मावशी आणि काका आणि त्यांची आजी, आणि ओसरीवर आमची पथारी.

तर आधी भूगोल, कारण तो डोक्यात बसला नाही तर बाकी फिरणं म्हणजे नुसते फोटो. अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यातला अकोले तालुका हा एक मोठा उतार आहे. पश्चिमेची कड एकदम सह्याद्रीच्या धारेवर, घाटघरला कड्यावर उभं राहिलं की खाली सरळ कोकण, आणि तिथून पूर्वेला सगळी जमीन हळूहळू खाली उतरत जाते ती पार संगमनेरच्या सपाटीपर्यंत. घाटघर-रतनवाडीकडे एका मोसमात 4000-5000 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्याच तालुक्यातलं अकोले गाव 500 च्या आसपास भागवतं. एकच तालुका, एकच तहसीलदार. वर भात, खाली ऊस. सकाळी घाटघरला छत्री उलटीपालटी होत असते आणि दुपारी अकोल्यात चहा पिताना टपरीवाला म्हणतो, औंदा पाऊसच नाही हो.

आणि ह्या दोन टोकांना बांधणारी दोरी म्हणजे प्रवरा. रतनगडाच्या कुशीतून निघते, भंडारदऱ्याच्या धरणात अडते, रंध्याला कोसळते, मग निळवंडे धरण, मग अकोले, संगमनेर, आणि शेवटी नेवाशाजवळ प्रवरासंगमला गोदावरीत जाते. तुम्ही फिरायला निघालात तर हिच्याच मागोमाग वरून खाली या, असं माझं सांगणं. लोक नेमकं उलटं करतात, धरणापाशी येतात, तिथेच थांबतात आणि परत जातात.

वरून सुरुवात म्हणजे तळ्याला, म्हणजे भंडारदरा धरणाच्या पाण्याला प्रदक्षिणा. शेंडी हे धरणाच्या पायथ्याचं गाव, लॉज-हॉटेलं सगळी इथेच. इथून मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघर, मग साम्रद, रतनवाडी, मुतखेल आणि पुन्हा शेंडी असा साधारण चाळीस किलोमीटरचा गोल आहे. गाडीनं दोन तासांत होतो आणि दोन दिवसांतही होत नाही. घाटघरला कोकणकडा आहे (हरिश्चंद्रगडाचा प्रसिद्ध कोकणकडा वेगळा, त्यावरून दरवेळी गाडीत वाद होतो), तिथून समोर अलंग-मदन-कुलंग हे तीन किल्ले ओळीनं उभे दिसतात. जुलैत मात्र काहीच दिसत नाही हे आधीच सांगून ठेवते, जुलैत फक्त पांढरं दिसतं आणि आवाज येतो.

साम्रदला सांधण दरी. जमिनीला पडलेली भेग म्हणा ना, दोन्हीकडे दोन-तीनशे फूट कातळ आणि मधून चालायला दगडगोट्यांची वाट, मध्ये दोन ठिकाणी कमरेपर्यंत वगैरे पाणी, बर्फासारखं गार. डिसेंबर ते मे ठीक. पावसाळ्यात ह्या दरीत उतरायचं नाही, नाही म्हणजे नाही, सगळ्या डोंगराचं पाणी त्याच भेगेतून खाली जातं आणि ते यायला लागल्यावर पळायला जागा नसते. तरी दरवर्षी कुणीतरी काकांना विचारतंच, थोडंसं आत जाऊन येऊ का. काका नुसतं हसतात आणि तंबाखू मळत बसतात.

रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ बघाच. शिलाहार राजांच्या काळातलं मानतात, काळ्या दगडाचं, आणि कोरीवकाम इतकं बारीक की एका खांबापाशीच अर्धा तास जातो. बाजूला पुष्करणी आहे, तिच्या कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती. भर पावसात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते, गावातल्या लोकांना त्यात विशेष काही वाटत नाही. इथूनच रतनगडाची वाट, वर नेढं आहे, म्हणजे डोंगराला आरपार भोक. त्यात बसून डबा खाल्लाय मी, वारा इतका की पोळी हातातून उडाली. खरंच उडाली, सरळ कोकणात.

आता शेतीचं सांगते, कारण ह्या भागात "सीझन" कधी हे धबधब्यावरून ठरवू नका, खाचरावरून, म्हणजे भाताच्या शेतावरून ठरवा.

पहिल्यांदा मार्च-एप्रिलमध्ये गेले तेव्हा मला वाटलं डोंगराला आग लागून गेलीय. सगळीकडे शेताच्या एका कोपऱ्यात काळे चौकोन, आणि झाडं अशी बोडकी की फक्त बुंधा आणि वर एक शेंडा. मावशींना विचारलं तर म्हणाल्या राब भाजलाय. म्हणजे भाताचं रोप जिथे टाकायचं त्या तुकड्यावर (ह्याला दाढ म्हणतात) शेण, झाडाच्या डहाळ्या, पालापाचोळा, वर थोडी माती असे थर देऊन ते भाजून काढायचं. तण मरतं, राख मिळते, रोप जोमात येतं. झाडं तोडण्यावरून ह्या पद्धतीवर टीका पण होते, आणि मला दोन्ही बाजू थोड्या थोड्या पटतात, पण चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस ज्या मातीवरून वाहून जातो तिथे शेती करून बघितल्याशिवाय शहाणपणा शिकवू नये एवढं नक्की.

जूनमध्ये त्या काळ्या चौकोनांवर पोपटी गालिचा येतो आणि जुलैत आवणी. आपल्याकडे लावणी म्हणतात, इकडे आवणी. तेव्हा अख्खं गाव खाचरात असतं, घराला नुसती कडी. एका जुलैत मी हौसेनं म्हटलं मी पण येते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरले आणि पहिल्याच पावलाला पाय पोटरीपर्यंत आत, वर काढला तर चप्पल आतच राहिली. (ती सापडली, बैलानं सापडवली.) बायका ओळीनं वाकलेल्या, पाठीवर प्लास्टिकचा कागद बांधलेला, डाव्या हातात रोपांची मूठ आणि उजव्या हातानं तीन-चार काड्या सुटवून अंगठ्यानं चिखलात दाबायच्या आणि मागे सरकायचं. इतका वेग की हात दिसत नाही. मी पण लावत गेले, दहा-पंधरा मिनिटांनी मान वर केली, माझी ओळ बघितली आणि स्वतःवर जाम खूश झाले. तेवढ्यात पावसाची एक जोरदार सर आली आणि माझी रोपं एकेक करून तरंगायला लागली. आजी, वय सत्तरच्या वर असेल, काही न बोलता माझ्या ओळीत आल्या आणि एकेक रोप परत लावत गेल्या. मग म्हणाल्या, "आगं पोरी, नुसतं ठेवायचं नाय, मातीला धरायला लावायचं." त्यानंतर मला मुठी पोचवायचं काम दिलं. बढती की काय ते अजून कळलेलं नाही.

पाठ तीन दिवस दुखली. आजींची दुखत नाही का विचारलं तर त्यांना प्रश्नच कळला नाही.

ह्या पावसात टिकणारी गुरंपण इकडची वेगळी, डांगी. पांढऱ्यावर काळे ठिपके-पट्टे, खूर दगडासारखे टणक, आणि कातडीवर तेलकटपणा असतो त्यामुळे पाणी मुरत नाही, ओघळून जातं. हिवाळ्यात राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं, जमलं तर त्या वेळी जा, शिंगं रंगवलेले बैल आणि त्यांच्यापेक्षा जास्त नटलेले मालक बघायला मिळतात.

माझा स्वतःचा आवडता महिना मात्र सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. पाऊस मागे हटलेला, धरण काठोकाठ, भात पोटरीत आलेला (म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या बेतात) किंवा लोंब्या वाकलेल्या, आणि माळावर सोनकीची पिवळी रानफुलं. ह्यावरून एक गंमत. माझ्या मैत्रिणीनं एका पिवळ्याधमक उतारावर उभं राहून शंभर फोटो काढले आणि स्टेटसला "रानफुलांच्या राज्यात" असं टाकलं. संध्याकाळी मावशींना दाखवलं तर त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, "आवो ताई, ही खुरासणी हाय आमची, तेल काढतो तिचं." म्हणजे आमची मैत्रीण कुणाच्या तरी पिकात उभी होती आणि बरंच तुडवलं पण होतं. तेव्हापासून आमचा नियम, पिवळं दिसलं की आधी बांध आहे का बघायचं. बांध असेल तर शेत. कारवीच्या झुडपांचं म्हणाल तर ती सात वर्षांतून एकदा फुलते, तिची वाट बघत प्लॅन करू नका, नशिबात असली तर भेटेल.

दिवाळीनंतर कापणी-झोडणी, तेव्हा काळभात, जिरवेल, आंबेमोहर असे जुने सुवासिक भात थेट घरून विकत घेता येतात. इंद्रायणी आता सगळीकडे झालाय, पण काळभाताची गोष्ट वेगळी, साळ काळपट दिसते म्हणून ते नाव, शिजायला लागला की ओसरीपर्यंत वास. पिकतो कमी म्हणून लावणारेही कमी झालेत. आणि उतारावरच्या हलक्या जमिनीत नागली (म्हणजे नाचणी) आणि वरई. नागलीची गरम भाकर, वर खर्डा आणि पावसाळ्यात चाईची नाहीतर कुर्डूची रानभाजी, एवढ्यावर मी आठवडा काढू शकते. हॉटेलात पनीर मागणारे लोक मी ह्याच गावात बघितलेत, असो.

ह्याच विषयावर कोंभाळण्याचं नाव घ्यायलाच हवं. तालुक्याच्या ईशान्येला, पवनचक्क्यांच्या डोंगररांगेखाली हे गाव, आणि बीजमाता राहीबाई पोपेरे इथल्या. शाळेत न गेलेल्या बाईनं वाल-घेवड्यापासून भातापर्यंत गावठी बियाणं घरात जपून ठेवलं, बायकांना वाटलं, परत मागून घेतलं, आणि 2020 ला त्यांना पद्मश्री जाहीर झाली. न सांगता कुणाच्या घरी "स्पॉट" म्हणून जाऊन धडकू नये हे वेगळं सांगायला नको. त्याच बाजूला पट्टा किल्ला, ज्याला विश्रामगड पण म्हणतात, कारण 1679 मध्ये जालन्याच्या स्वारीवरून परतताना शिवाजी महाराज इथे विश्रांतीला थांबले होते. चढायला सोपा, घरातल्या ज्येष्ठांना पण नेता येतो, आणि गर्दी जवळपास शून्य. जवळच टाहाकारीचं जगदंबेचं देऊळ, आढळा नदीच्या काठी, कोरीवकामात अमृतेश्वराच्या तोडीस तोड आणि तिथे बहुतेक वेळा आपण आणि पुजारी दोघंच.

कळसूबाईबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना माहितीय. 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, बारी गावातून वाट, लोखंडी शिड्या, वर देवीचं छोटं देऊळ. शनिवारी रात्री गेलात तर शिडीला रांग लागते, अक्षरशः लोकलसारखी. बुधवारी जा. हरिश्चंद्रगड त्यापेक्षा मोठा विषय, पाचनईकडून अडीच-तीन तासांत वर, हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, केदारेश्वराची गुहा जिथे पाण्याच्या मधोमध भलीमोठी पिंड आहे आणि चार खांबांपैकी एकच शाबूत आहे (तो पडला की कलियुग संपणार म्हणतात, म्हणून त्याला टेकू नका), आणि मग तो कोकणकडा, जो आत वळलेला आहे, म्हणजे कडेला पालथं झोपून खाली बघितलं तर पोटाखाली काहीच नसतं. ही पलीकडची बाजू मुळा नदीची आहे. दोन्ही बाजू मिळून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य, 1986 पासून, तेव्हा तिथे स्पीकर लावून नाचणं हा नुसता अडाणीपणा नाही, गुन्हा पण आहे.

काजव्यांचं सांगितलं नाही तर तुम्ही विचारणारच. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पहिला पाऊस जोरात लागेपर्यंत. हिरडा, बेहडा, सादडा, उंबर अशा झाडांवर हजारो, आणि एका लयीत लुकलुकतात, एक झाड विझलं की शेजारचं पेटतं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा रस्ता सोडून गाडी थेट झाडाखाली नेली होती, हेडलाईट चालू ठेवून. काकांनी गाडीच्या काचेवर टकटक केलं, लाईट बंद करायला लावले आणि मग टॉर्चवर हात झाकून खालची माती दाखवली. तिथे पंख नसलेल्या माद्या आणि अळ्या रांगत होत्या, आमच्या टायरच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना. खुणेत काय होतं ते बघायची माझी हिंमत झाली नाही. आता वनखात्याचे नियम आहेत, गाडी लांब लावायची, चालत जायचं, फ्लॅश नाही. तरी गर्दीच्या वीकेंडला नका जाऊ, अंधार बघायला जायचं आणि दिव्यांची माळ घेऊन जायचं ह्याला काय अर्थ आहे.

आणि आता ते, जे मला यादीत कधी लिहिता आलं नाही.

भंडारदऱ्याचं धरण इंग्रजांनी 1910 ला बांधायला घेतलं आणि 1926 ला पूर्ण केलं, 11 टीएमसीचं (म्हणजे 11 अब्ज घनफूट पाणी), विल्सन डॅम नाव त्याचं. दगडी, देखणं, पाणी सोडलं की खाली तो छत्रीसारखा अंब्रेला फॉल होतो. त्या पाण्यावर खाली कालवे निघाले, श्रीरामपूर-राहात्यापर्यंत ऊस उभा राहिला, कारखाने आले. ज्यांच्या जमिनी तळ्याखाली गेल्या ती माणसं वर डोंगराकडे सरकली. महादेव कोळी आणि ठाकर लोकांचा मुलूख हा. सावकार आणि इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे राघोजी भांगरे इथल्याच देवगावचे, 2 मे 1848 ला त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. आमच्या साम्रदच्या घरात देव्हाऱ्याशेजारी त्यांची तसबीर आहे.

त्याच घरी मी एकदा मे महिन्यात गेले. तळं समोर दिसत होतं, खाली गेलेलं पण तरी मैलभर निळं. आल्या आल्या सवयीनं अंगणात पिंपापाशी गेले, तांब्या बुडवला आणि हात-पाय-तोंड धुतलं, दोन तांबे, तीन तांबे, धूळ होती प्रवासाची. मावशी काही बोलल्या नाहीत. फक्त आतून एक घमेलं आणून माझ्या पायाखाली सरकवलं. माझं धुऊन झाल्यावर ते घमेलं उचललं आणि शेळीपुढे नेऊन ठेवलं. संध्याकाळी त्यांच्याबरोबर विहिरीवर गेले तेव्हा कळलं की तळाला वाटीनं भरावं एवढंच पाणी आहे, झरा भरेपर्यंत थांबायचं, एक हंडा भरायला वीस मिनिटं, आणि पुढे सात बायका. कातळ पाणी धरून ठेवत नाही आणि धरणातलं खाली जायचं आधीच ठरलेलं असतं. परत येताना माझ्या हातात एक कळशी होती, मावशींच्या डोक्यावर दोन हंडे.

तर खाली उतरताना हे सगळं लक्षात ठेवून उतरा, मग रस्ता वेगळा दिसतो. रंधा धबधबा, 170 फूट, पावसाळ्यात अंगावर काटा येईल असा, रेलिंगच्या अलीकडेच थांबा. राजूरला पेढे घ्या, खरवडीसारखे लागतात थोडे, घरी पोचेपर्यंत उरत नाहीत. मग निळवंडे, इथून पुढे हळूहळू खाचरं संपतात, डाळिंब-टोमॅटो-कांदा सुरू होतो, आणि अकोल्यापाशी पोचेस्तोवर दोन्ही बाजूंना ऊस. अकोल्यात अगस्ती ऋषींचा आश्रम आहे प्रवरेकाठी आणि सिद्धेश्वराचं जुनं देऊळ, दोन्ही शांत. नदी इथे संथ असते, घाट, धुणं, पोरं पोहतायत. हीच ती वरची.

प्रॅक्टिकल गोष्टी, पटकन. पेट्रोल आणि एटीएम राजूरला किंवा घोटीला उरकून घ्या, घाटघर-साम्रदकडे रेंज येते-जाते, बहुतेक जातेच. एसटी आहे पण मोजक्या फेऱ्या, शेवटची चुकली तर मुक्काम. जेवण आधी सांगून ठेवा, फोन करून, आयत्या वेळी आठ माणसं उभी राहिली की घरातल्या बायांची तारांबळ होते आणि त्या नाही म्हणत नाहीत. प्लास्टिक परत आणा. जुलैत जाणार असाल तर चप्पल पट्ट्याची घाला, माझा अनुभव वर आहेच. आणि मे मध्ये जाणार असाल तर डिकीत पाण्याचे दोन कॅन घरून भरून घ्या.